अपील नंदुरबारला आलं

विधिमंडळाने दिवाणी कोर्टांच्या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा शहाद्याच्या बाररूममध्ये पेढे वाटले गेले. मोठ्या किमतीच्या दाव्यांची अपिलं तोवर थेट औरंगाबादच्या खंडपीठात जात. शहराचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात औरंगाबादच बसलंय, म्हणून तेच लिहिते. आता किमतीची मर्यादा वाढली होती, त्यामुळे आमच्याकडची बहुतेक अपिलं नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयातच चालणार होती आणि तिकडे पडून असलेलीही खाली येणार होती. सनद मिळून मला फार वर्षं झाली नव्हती, आणि कायदा सुधारला की माणसं सुधारतात असं मला मनापासून वाटे. दोन पेढे रुमालात बांधून मी लोणखेड्याच्या पुढे आमच्या गावी गेले, कारण पडून असलेल्या त्या अपिलांत एक आमच्या घरचं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. मी त्यांना सगळं समजावलं. आता सकाळी जेवून निघायचं, प्रकाशा गावाजवळचा पूल ओलांडला की तासाभरात कोर्ट, दुपारच्या चहाला घरी. आबांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"मंग औरंगाबादले जानं नही?"

"नही ना आते."

"कधीच नही?"

पेढा त्यांनी आईच्या हातावर ठेवला आणि पुन्हा धार लावायला घेतली. गाढवाला गुळाची चव काय, असं बापाबद्दल म्हणू नये. माझ्या मनात मात्र आलं.

भांडण आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, यांच्यात होतं. काकांचं घर आमच्यापासून तीन घरं सोडून. शेत वाटलं गेलं, पण विहीर सामाईक राहिली. तिचं पाणी एवढं गोड की शेतापुरतं तर झालंच, पिण्याचं पाणीही दोन्ही घरं नळाचं सोडून तिथूनच आणतात. एका उन्हाळ्यात पाण्याची बारी आबांची असताना काकांनी मोटार चालू केली आणि आपली केळी भिजवून घेतली. शब्दाने शब्द वाढला. मारुतीच्या पारावर, चार लोकांसमोर, दोघांनी शपथ घेतली की या विहिरीचा निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. खालच्या कोर्टाने चार-चार दिवसांची बारी लावून दिली, ती दोघांनाही पटली नाही. काकांनी अपील केलं, आबांनी त्यात उलट हरकत घेतली. विहिरीबरोबर भोवतालची बागायतही दाव्यात होती, किंमत मोठी धरली गेली, म्हणून अपील औरंगाबादला गेलं आणि तिथे निवांत पडलं.

गावात दोघांचा अबोला कडक होता. लग्नाच्या पंगतीत एक बसला की दुसरा उठायचा. भाऊबंद लक्ष ठेवून असत, त्यामुळे कोणाला ढिलं पडायची सोय नव्हती.

कॉलेजात असताना एकदा हायकोर्ट बघायचं म्हणून मी आबांबरोबर गेले. शहाद्याच्या स्टँडवर काका आमच्या आधी येऊन उभे. मी मान फिरवली, कारण घरची शिकवण तशी होती. गाडीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. दोंडाईचा गेलं, ओळखीची माणसं उतरली, आणि काका उठून आबांच्या शेजारी येऊन बसले. मी बघतच राहिले. आबांनी नुसते पाय आवरून जागा दिली.

धुळ्याला गाडी थांबली, तेव्हा काकांनी स्टँडच्या नळावर बाटली भरून आणली. नळाचं पाणी कोणाच्या घरचं नसतं, म्हणून शपथ शाबूत. आईच्या दशम्या, काकूचा ठेचा, आणि मधे ती एकच बाटली. चाळीसगाव मागे पडून कन्नडचा घाट संपेपर्यंत दोघं बोलत होते. केळीचे घड कसे पडले, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, त्यांची आई दोघांना एकाच काठीने कशी बडवायची. काकांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परतताना शहाद्याला उतरलो की काका पहिल्या काळी-पिवळीत बसून निघून गेले, आम्ही दुसरी भरायची वाट बघितली.

हायकोर्टात पक्षकाराने प्रत्येक तारखेला हजर राहायची गरज नसते, हे मला पुढे वकिली शिकताना कळलं. वाटलं, म्हाताऱ्यांना कोणी सांगितलंच नसेल. आमच्या औरंगाबादच्या वकिलांना विचारलं तर ते हसले. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं म्हणाले, तरी दोघं येतात, मागच्या बाकावर बसतात, मला नमस्कार करतात आणि चहा प्यायला जातात. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी पेढे घेऊन गेले.

उजेड पडला तो नंदुरबारच्या पहिल्या तारखेला. मी आबांना स्कूटीवर घेऊन गेले, काका त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलवर आले. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या पंचक्रोशीतली निम्मी माणसं होती. कोणाचा बांध, कोणाची वाटणी, कोणाची सोडचिठ्ठी. खापरहून आलेला आईचा मावसभाऊसुद्धा तिथेच भेटला. आबा व्हरांड्याच्या एका टोकाला बसले, काका दुसऱ्या टोकाला. मधे सगळं गाव बसलेलं. पुकारा झाला, पुढची तारीख पडली, आणि दुपारच्या चहाला आम्ही खरोखरच घरी होतो. आबांनी चहा घेतला नाही. डबाही तसाच परत आला होता.

आई दशम्या पिशवीतून काढत म्हणाली, "तुन्हा कायदानी दोन भाऊसनं बोलनं बंद करी टाकं, माय."

मला फार वाईट वाटलं. वादही घालता येईना, कारण ती बरोबर होती.

जिल्हा न्यायालयाने अपील भराभर चालवलं. मी तडजोडीचं सुचवून पाहिलं, दोघांकडूनही एकच निरोप आला, आधी त्याने यावं. चार-पाच तारखांत निकाल लागला. खालच्या कोर्टाचा हुकूम कायम, दोघांनाही चार-चार दिवस. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. शपथही त्या दिवशी संपली, पण संपली म्हणून पहिलं पाऊल कोणी टाकायचं, याचा हुकूम कोर्ट देत नाही.

आठवड्याने आबा माझ्याकडे शहाद्याला आले. चहा झाल्यावर म्हणाले, "याना वर आजून अपील ऱ्हास ना? औरंगाबादले?"

मी म्हटलं, दुसरं अपील असतं, पण त्याला कायद्याचा मोठा प्रश्न लागतो. यात तसा प्रश्नच नाही.

"मंग काढ ना एखादा. तू वकील शे."

मी हसले. अर्धी विहीर हातात असलेला माणूस अपील मागत होता, आणि ते कशासाठी हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आबा, धुळाना स्टँडले जावासाठे अपील नही लागत," मी म्हटलं. "काका तीन घर सोडीसन ऱ्हातस."

ते पिशवी उचलून गेले.

पुढच्या रविवारी मी गावी होते. सकाळी आबांनी तारखेचा पांढरा सदरा घातला, टोपी घातली. आईने न विचारता दशम्या बांधल्या. सुट्टीच्या दिवशी कसली तारीख, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईने डोळ्यांनीच गप्प केलं. आबा स्टँडकडे गेले नाहीत. तीन घरं ओलांडून काकांच्या ओट्यावर जाऊन बसले. गल्लीतली दारं उघडली. मी मागे उभी राहिले. काकांनी उठवून लावलं असतं, तर आबा पुन्हा त्या ओट्याकडे फिरकले नसते.

काका बाहेर आले. सदरा बघितला, पिशवी बघितली.

"काय भाऊ?"

"आज तारीख शे."

काका आत गेले. काकूला न सांगता स्वतःच तांब्या भरून आणला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी एक घोट घेतला आणि थांबले.

"विहीरनं शे?"

"हां."

हुकूमनाम्यातल्या चार-चार दिवसांच्या फेऱ्यात तो दिवस आमच्या बारीचा होता. मी वकील, माझ्या ध्यानात लगेच आलं. आबांच्याही आलंच असणार, कारण याच कारणावरून सगळं सुरू झालं होतं. काकांनी मान खाली घातली नाही.

"तुन्ही बारीनं पाणी शे, भाऊ."

आबांनी तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"आजून दे."