तोफांसाठी राखलेला रोल

लोक मला विचारतात, युद्धावर जाऊन आलात ना, मग तोफेचा एक तरी धड फोटो कुठंय? नाही माझ्याकडं. आणि नाही म्हणताना मी मान खाली घालत नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात नगरच्या एका दैनिकानं मला कारगिलला धाडलं. तोवर मी मुख्यतः लग्नांचा फोटोवाला. लग्नात आमची एक खोड असते. रोल जपायचा असला की हौशी पाहुण्यांसमोर नुसता फ्लॅश उडवायचा. कॅमेरा रिकामा, पाहुणा खूश. यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटायचं नाही.

वर पोचेपर्यंत माझ्याकडं एकच कोरा रोल उरला होता. तो तोफांसाठी राखलेला. संध्याकाळी एका तंबूत आपल्याच भागातले जवान भेटले. सकाळी त्यांना डोंगर चढायचा होता. "ओ नगरवाले, आमचा बी फोटू काढा की! घरी द्या." चौतीस जण रांगेत उभे. पहिलाच श्रीगोंद्याकडचा, कोवळं मिसरूड फुटलेला. सवयीनं मी रिकामाच फ्लॅश उडवला. त्यानं पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "आईला लवकर पोचवा बरं का. म्हैना झाला, माझं पत्र न्हाई तिला."

अहो, लाज वाटली मला! "थांब रे, पापणी लवली तुझी, पुन्हा बस," असं खोटंच सांगून मी राखलेला रोल भरला. छत्तीसातले चौतीस फोटो त्या पोरांचे काढले. उरलेल्या दोनांत तोफ आली, म्हणजे नुसता धूर आला.

संपादक भडकले. "तुम्हाला युद्धावर धाडलं होतं की वऱ्हाडात?" मी म्हटलं, "साहेब, हवं तर नोकरी घ्या. पण हे फोटो मी घरोघर पोचवणार." आणि पोचवले. श्रीगोंद्यापासून राजूरपर्यंत, एसटीनं, मोटारसायकलवर, कुठं पायी.

पहिला अर्थात त्या आईला. तिनं पदराला हात पुसले, फोटो डोळ्यांजवळ नेला. "वाळलाय गं बाई माझा. पन हसतोय!" मग आळीतल्या एकेका दारात तो दाखवत निघाली, आणि मी तिच्या मागं, नवरदेवाच्या मामासारखा ताठ. माझ्या कामाचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

आठ दिवसांनी पोरगा तिरंग्यात आला. सगळं गाव लोटलं. मीही गेलो. कुणीतरी तो फोटो पाटावर मांडला आणि हार घालायला वाकलं. तिनं झडप घालून फोटो उचलला, उराशी धरला.

"ह्यो त्यो जिता असताना आलाय. ह्याला हार न्हाई घालायचा."

मी गाडी काढली, नगरला जाऊन त्याच निगेटिव्हची दुसरी प्रत केली आणि दिवस मावळायच्या आत परत आलो. हार त्या प्रतीला घातला.