नागोयाच्या किल्ल्यातला कावळा

हे इथे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आता आहे, असंही म्हणवत नाही. पण झालं ते जसंच्या तसं सांगतो.

२००४चा नोव्हेंबर. स्कॉलरशिपवर कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला मी नागोयात होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांचं तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान. आठ-दहा दिवस मी फोन करत होतो आणि दर वेळी आई म्हणायची, "दुकानात आहेत रे ते." भाषा जमत नव्हती, करमत नव्हतं. शेवटी ठरवलं — सोडून परत जायचं.

प्रसाददादा पुण्याचा, इथे मोटार कंपनीत इंजिनिअर. म्हणाला, "जा की. पण नागोया न बघता? रविवारी चल."

सकाळी कॉफीबरोबर फुकट मिळणारा टोस्ट खाल्ला. ओसूच्या देवळात जाऊन आलो, तिथल्या बाजारात हिंडत चपट्या नूडल्स खाल्ल्या. मग किल्ला. छपरावरचे सोन्याचे मासे बघून बाकावर बसलो आणि तेनमुसुचा डबा उघडला — कोळंबी घातलेले भाताचे छोटे गोळे. जेवणाआधी एक घास बाजूला काढायची बाबांची सवय. मीही एक गोळा बाकाच्या टोकाला ठेवला.

"अरे, इथे कावळ्यांना घालत नाहीत! डोक्यावर बसतील," दादा ओरडला.

कावळा आलाच. जपानातले कावळे ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीत आहे, हातातलं पळवतात. हा मात्र गोळ्यापासून वीतभर लांब बसून राहिला. पाच मिनिटं... दहा मिनिटं. माझ्याकडे बघत.

"डाएटवर आहे वाटतं," दादा हसला. मग हळूच म्हणाला, "दीड वर्ष तर राहिलंय रे. बाबांना काय सांगशील?"

का कोण जाणे, मी कावळ्याकडे बघूनच बोललो, "बरं. पूर्ण करूनच येतो."

त्याने गोळा उचलला आणि उडाला.

दादा हसला नाही. उगाच घड्याळ बघत म्हणाला, "दीड वाजला. चल."

माझी सेमिस्टर परीक्षा संपली त्या दिवशी काकांचा फोन आला. बाबा गेले होते. परीक्षेसाठी माझ्यापासून लपवलं होतं. काका सांगत होते, "दहाव्याला कावळा शिवंना. तासभर थांबलो. शेवटी तुझी आई पुढं आली, हात जोडून म्हणाली, 'पोरगं शिक्षण अर्ध्यात टाकणार नाही.' तवा शिवला. दहाची एसटी पुलावरून चालली होती बघ."

दहावा त्याच रविवारी होता. आपल्याकडचे सकाळचे दहा म्हणजे इथले दुपारचे दीड.

"योगायोग," दादा म्हणतो. असेलही.

डिप्लोमा हातात पडला त्या दिवशी मी पुन्हा त्याच बाकावर गेलो. तेनमुसुचा गोळा काढला. बाकावर ठेवायच्या आतच एका कावळ्याने तो हातातून ओढून नेला.

मग त्या रविवारचा कावळा का थांबला होता? मला आजही माहीत नाही.