अकरा कोरे कपडे

नाकवाली काकू कापड आधी हुंगते, मग बघते. हे नाव तिला गल्लीत कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. माझं इस्त्रीचं दुकान आणि तिची खोली यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडून वीस वर्षं मी तिच्या मशीनची खडखड आणि माझ्या नावाने मारलेल्या हाका ऐकतो आहे. यातलं जास्त कर्कश काय, ते अजून ठरलेलं नाही.

काम तिचं चिंध्यांचं. शिंप्यांकडून उरलेले तुकडे पोत्यात भरून आणायचे आणि त्यांची गोधडी करायची. त्या पोत्यात काय काय निघतं ते मी पाहिलंय. केसांचे गुंते, चहाचा चोथा, विडीची थोटकं. एकदा तर अर्धं खाल्लेलं केळं निघालं, त्यावर मुंग्यांची रांग. काकू चिमट्याने एकेक तुकडा उचलते, तोंड वाकडं करते आणि शिंप्याला जाऊन ऐकवते, "घरी पण ताटातलं खरकटं कपाटात टाकता का हो?" मग प्रत्येक तुकडा दोनदा धुवायचा, वाळवायचा, चार बोटांचे चौकोन कापायचे. लाल, पिवळे, जांभळे, फुलांचे, ठिपक्यांचे असे नऊ चौकोन जोडले की एक घर झालं. ती त्याला घरच म्हणते. माझ्या वितेपेक्षा थोडं लहान असतं. अशी घरं एकमेकांना जोडत गेलं की गोधडी.

घरांना इस्त्री मी करतो. उलट्या बाजूची शिवण गडद तुकड्याकडे पाडायची असते, नाहीतर फिकट कापडातून आतली कड दिसते. एकदा मी उलटं केलं, तर तिने अख्खं घर उसवून माझ्यापुढे टाकलं. "डोळे आहेत की बटणांची काजं?" म्हणाली. तेव्हापासून मी चुकलेलो नाही.

तिचा नवरा कातडी कमावायच्या कारखान्यात होता. तो वास किती धुतला तरी अंगातून जात नाही. काकूने तीस वर्षं त्या वासाशी भांडण केलं. नवरा गेला, वास गेला, नाक मात्र तयार होऊन बसलं.

तर अशा नाकापुढे त्या दिवशी टायपिंगच्या बाईंचा मुलगा एक पिशवी घेऊन आला. या बाई कोपऱ्यावर टायपिंग शिकवायच्या. बारीक, ठेंगणी मूर्ती, बोलणं मोजकं. पंधरा वर्षं त्यांचे कपडे माझ्याकडे इस्त्रीला येत होते. महिन्यापूर्वी त्या हॉस्पिटलमध्येच वारल्या. त्यांची मुलगी लांब राहते. तिला निरोप मिळाला तेव्हा उशीर झाला होता, आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. तिने भावाकडे एकच गोष्ट मागितली होती. आईच्या कपड्यांची गोधडी.

"आईचे आहेत," मुलगा म्हणाला. कडक शर्ट, सुगंधी साबणाचा वास, चेहरा अगदी साळसूद. "अकरा आहेत. ताई दोन आठवड्यांनी येतेय, तोवर होईल ना?"

काकूने पिशवीत नाक घातलं आणि बाहेर काढलं. तो गेल्यावर तिने एक ड्रेस बादलीत बुडवला आणि मला हाक मारली.

बादलीतलं पाणी पांढरट झालं होतं. कोऱ्या कापडाची खळ सुटली होती, वर लाल रंगाचा तवंग.

"तू बाईंचे कपडे ओळखतोस," काकू म्हणाली. "यातला एक तरी त्यांचा आहे का?"

एकही नव्हता. बाई फिकट सुती ड्रेस घालायच्या. डावा खांदा नेहमी विरलेला असायचा, कारण पर्स तिकडे असायची. तिथे इस्त्री मी हलक्या हाताने फिरवायचो. आणि हे अकरा ड्रेस भडक, झुळझुळीत, एकेकात दोन-दोन बाया मावल्या असत्या. मुलाने किमतीच्या चिठ्ठ्या तोडल्या होत्या, पण एका बगलेत प्लास्टिकचा दोरा तसाच राहिला होता. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांत धूळ फेकायची, तीही नीट फेकता येऊ नये. 

दुसऱ्या दिवशी काकूने त्याला बोलावून घेतलं. तो आला आणि जराही ओशाळला नाही, हेच मला जास्त लागलं.

"जुने टाकले," तो म्हणाला. "कचऱ्याच्या गाडीत दिले. कोण सांभाळणार?"

"कधी टाकले?"

"आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा. भाडेकरू मिळत होता, खोली रिकामी करून हवी होती त्याला."

काकू मशीनवरून उठली. "तेव्हा त्या जिवंत होत्या."

"डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस नाहीत."

"आणि बऱ्या होऊन घरी आल्या असत्या तर? अंगावर काय घातलं असतं त्यांनी?"

त्याने खांदे उडवले. "पण आली नाही ना."

हे तो इतक्या सहज बोलला की क्षणभर मला कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. "शिवा आपलं, मावशी. ताईला काय कळणार आहे?" असं म्हणून तो पायरी उतरला. सुगंधी साबणाचा वास खोलीत बराच वेळ रेंगाळत होता. चिंध्यांच्या पोत्याची मला कधी एवढी किळस आली नाही.

मी तोंडाला येईल ते बोललो. माणूस नाही, डबक्यातला गाळ आहे, वगैरे. जन्मदात्या आईची वाट बघता येत नाही म्हणजे काय. काकूने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुरे. बाईंचं एखादं फडकं तुझ्या दुकानात राहिलंय का?"

माझी नजर भिंतीकडे गेली, पलीकडे माझं टेबल होतं.

बाई हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या त्याच्या चार दिवस आधी त्यांचे चार ड्रेस माझ्याकडे आले होते. मी इस्त्री करून, कागदात बांधून फळीवर ठेवले. न्यायला कुणी आलं नाही. दीड महिना मी रोज ते गाठोडं इकडून तिकडे सरकवत होतो. इस्त्रीच्या टेबलावर चादरीखाली जाड थर लागतो, आणि माझा थर झिजून लाकूड टोचायला लागलं होतं. एका सकाळी मी गाठोडं सोडलं, तीन ड्रेस कापून, घड्या घालून चादरीखाली अंथरले. चौथ्याने इस्त्रीचा तवा पुसत होतो. बाई तेव्हा हॉस्पिटलात श्वास घेत होत्या. त्या गेल्याची बातमी कळली तेव्हा मी त्याच टेबलावर कुणाच्या तरी पँटची घडी पाडत होतो आणि हळहळलोसुद्धा.

हे सगळं मी काकूला सांगितलं. सांगताना वर बघवेना. ज्याला मी गाळ म्हटलं, त्याच डबक्यात मी गुडघ्यापर्यंत उभा होतो. त्याने निदान भाडेकरूसाठी केलं होतं. मी आपल्या हाताला लाकूड टोचू नये म्हणून केलं.

काकू ओरडेल असं वाटलं होतं. ती दुकानात आली, टेबलावरची चादर ओढली आणि खालचे थर सोलून काढले. मधला भाग पिवळा, कडक, जागोजागी करपलेला. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"ह्यांचे शर्ट मी तेराव्याची वाट न बघता जाळले," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "वास सहन होत नव्हता. आता एक मिळाला तर उशाला घेईन." मग माझ्याकडे वळली. "ऊठ, पाणी भर."

तीन दिवस ते कापड बादलीत होतं. करपलेलं गेलंच, हात लावला की त्याचा भुगा होत होता. टेबलाच्या कडेखाली दुमडलेला भाग मात्र चांगला होता. निळे ठिपके, राखाडी चौकडी, फिकट हिरवी पानं. काकूने साठ चौकोन काढले, त्याहून एक जास्त निघाला नाही. प्रत्येक घरात मधोमध आणि चार कोपऱ्यांना बाईंचं कापड, उरलेल्या चार जागी तिच्या डब्यातले रंगीत तुकडे. बारा घरं झाली. बारा घरांची कसली गोधडी, मांडीवर घेण्यापुरता तुकडा. अकरा कोऱ्या ड्रेसना तिने कात्री लावली नाही. मी शिवणी दाबून देत होतो आणि माझे हात मलाच नकोसे झाले होते.

दोन आठवड्यांनी बहीण आली, बरोबर भाऊ होताच. अगदी आईची चण. तिने घडी उलगडली, निळ्या ठिपक्यांच्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"हा ती परीक्षेच्या दिवशी घालायची," ती म्हणाली. मग, "एवढंच?"

भाऊ घाईने म्हणाला, "तेवढेच होते अगं. आईकडे कुठे जास्त कपडे होते?"

काकूने शिलाई मशीनखालची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "हे तुमचे अकरा. दहा कोरेच आहेत, दुकानवाला परत घेईल. एक मी भिजवला."

बहिणीने त्यातला एक काढला, अंगाला लावून बघितला, बगलेतला प्लास्टिकचा दोरा बोटाने चाचपला.  काकूकडे बघून तिने विचारलं, "मग हे कुठून आणलंत?"

काकूने माझ्याकडे बघितलं. ते सांगायचं काम माझं होतं.

"माझ्या टेबलाखालून," मी म्हणालो. "न्यायला कुणी आलं नाही म्हणून मी कापून अंथरले होते."

"बघ!" भावाला जीव आला. "या लोकांकडे काही ठेवायची सोय नाही. मी म्हणत होतो ना तुला."

ती माझ्याजवळ आली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही कापले तेव्हा आई जिवंत होती?"

"होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि भावाकडे वळली. "आणि तू बाकीचे टाकलेस तेव्हा?"

भाऊ बोलायला लागला. डॉक्टर, जागा, भाडेकरू, धावपळ, तुला इथली काय कल्पना. बहिणीने बारा घरांची घडी छातीशी धरली, पायरी उतरली आणि चालू लागली. ती गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी तो आमच्या दोघांकडे बघून बोलतच होता.