गाऱ्हाण्यातलं मायलेज

देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात मी गाडीचं मायलेज घातलं. ही चूक मी पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून, लिहिलेलं पुन्हा वाचून केली. ज्यांच्या तोंडून ते गाऱ्हाणं जायचं होतं ते माझे चुलतसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे काका. देवाशी आणि डिझेलच्या इंजिनाशी एकाच आवाजात आणि एकाच अदबीनं बोलणारा दुसरा माणूस आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही, आणि आता गाड्याच चार्जिंगवर चालायला लागल्यामुळे पुढे होण्याचाही संभव नाही.

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन लांज्याजवळच्या आपल्या गावी राहायला गेले, पण एसटी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. कुठल्याही गाडीत बसले तरी पाठीमागून कोणीतरी 'डबल', म्हणजे कंडक्टरची दोन टोल्यांची घंटी, दिल्याशिवाय ते गाडी हलू देत नसत. घंटीची दोरी नसेल तर टपावर दोन थापा मारायच्या, टपापर्यंत हात पोचत नसेल तर काचेवर, पण डबल ही झालीच पाहिजे. आमच्या लग्नात वरातीची गाडी ह्या एका कारणासाठी मंडपाच्या दारात खोळंबली होती. बँडवाले थांबले, करवल्या रुसल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि काका पुढच्या सीटवर डोळे मिटून स्वस्थ. शेवटी नवरीनंच मुंडावळ्या सावरत आतून काचेवर दोनदा टकटक केलं आणि माझा संसार सुरू झाला. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही गोष्ट कधी सुरू करायची हे कोण ठरवतं, ते सांगायला नको.

नव्या गाडीत चढताना ते वहाणा काढून हातात घेत. साऱ्या नोकरीत त्यांच्या चाकाखाली केळशीचा एक कोंबडा तेवढा आला होता, आणि त्याची आठवण निघाली की जेवता जेवता त्यांचा हात थांबे. ताटात त्या वेळी कोंबडीच असली तरी थांबे, मग 'त्याची वेळ आली होती' म्हणून पुन्हा चालू होई. घाटातली वळणं ते जागेच्या नावानं ओळखत नसत. आपण म्हणतो आंब्याचं वळण, चिरेखाणीचं वळण. ते म्हणत सुताराच्या थोरल्याचं वळण, किंवा 'मुंबैवरनं गणपतीला येत होती त्यांचं वळण'. ज्या वळणावर अपघातात जो राहिला त्याचं ते वळण, आणि तिथून जाताना काकांची दोन बोटं हळूच वर होत, समोरून ओळखीची एसटी आल्यासारखी. अशी किती वळणं आहेत, असं मी एकदा विचारलं. "मोजायचं नसतंय, जावय," ते म्हणाले. "हात वर करायचा."

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गावाच्या वतीनं एकानं देवासमोर उभं राहून सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकांचा आवाज खर्जातला, डोंगर चढणाऱ्या गाडीसारखा. त्यांनी गाऱ्हाणं घातलं की देव ऐकत असावा असं नास्तिकालाही वाटे. मला तर आपलं काही चुकलंय का, असंही वाटे.

आता माझ्या धंद्याविषयी. मी फ्लेक्स छापतो आणि त्यांवरचा मजकूरही लिहितो. चौकाचौकांत दिसणारी युवकांची आशास्थानं मीच निर्माण केलेली आहेत. शहराबाहेर, महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोटारींची दोन शोरूम समोरासमोर उभी राहिली, एक लाल आणि एक निळं, तेव्हा लाल शोरूमच्या शेठनी मला जाहिरातीचं काम दिलं. मग दोन्ही शोरूममध्ये जी जुंपली ती जुंपली. निळ्यांनी 'समोर बघू नका' असा फ्लेक्स लावला. आम्ही 'समोर बघून झालं असेल तर आत या' असा लावला. त्यावर त्यांनी एवढा मोठा फ्लेक्स उभारला की आमचं दारच दिसेना, आणि गिऱ्हाइकं वळसा घालून त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांनी गाडीत हापूस भरून 'ओळखा किती' अशी स्पर्धा लावली. आंबे पिकले, उन्हात गाडी बंद राहिली, आणि उत्तर जाहीर करायला दार उघडलं तेव्हा मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्याकडून त्याला जबाब म्हणून मी नवी कोरी गाडी मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर चढवली आणि 'लाटांवर स्वार' असा फलक लावून बंदरात फिरवली. गर्दी झाली, फोटो निघाले, मासळीच्या लिलावातल्या एका मावशीनं गाडीला बोट लावून भावही विचारला. फक्त गाडी उतरवल्यावर तिला बांगड्याचा जो वास लागला तो शाम्पूनं जाईना, लिंबानं जाईना. अखेर मिरकरवाड्यातल्याच एका व्यापाऱ्यानं ती घेतली. त्याला वास येत नव्हता.

शेठ माझ्यावर जरा नाराज असतानाच आमच्या मेव्हण्यानं त्यांच्याकडे गाडी घेतली आणि ताबा घ्यायला काकांना सोबत नेलं. शोरूममध्ये केक होता, फुगे होते, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली होती. काकांनी केक बाजूला सारायला सांगितला, वहाणा काढल्या, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. गिऱ्हाइकाला 'सर' म्हणण्यापलीकडे काही न बोलणारी टायवाली मुलंही तिसऱ्या मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणू लागली. शेठच्या अंगावर काटा आला, आणि शेठच्या अंगावर काटा आला की त्याचं पुढे फ्लेक्समध्ये रूपांतर होतं. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकंच विचारू लागली, ते काका तुमच्याकडेच असतात ना?

मला वाटलं होतं काका नकार देतील. ते आले. मानधन घेतलं नाही, फोडलेल्या नारळाची एक कवड तेवढी घेत. अट एकच, की नव्या मालकाच्या शेजारी पहिल्या वळणापर्यंत बसणार. "एरवी ह्यांना हळू जावा सांगितलं तर ऐकतात का?" ते मला म्हणाले. "गाऱ्हाण्यात सांगितलं तर हात जोडून ऐकतात." तर वहाणा मांडीवर घेऊन ते शेजारी बसत, डबल होई, गाडी वळणापर्यंत जाऊन परत येई. मालक नीट चालवणारा असेल तर काका काही न बोलता उतरत. नसेल तर सांगत, "किल्ली बायकोकडं दे." एका तालुक्याच्या पुढाऱ्यालाही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि आज त्याची बायकोच गाडी चालवते.

निळ्यांकडे असा माणूस नव्हता. त्यांनी कोणाचं तरी गाऱ्हाणं रेकॉर्ड करून कर्ण्यावर लावलं. त्यात मागणारा तोच आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाराही तोच. देवाला यात बोलायला कुठे जागाच नव्हती.

पण गावात कुजबूज सुरू झाली होती. देवळाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्यानं काकांना तोंडावर सुनावलं, गावचा शब्द दुकानात न्यायचा तर न्या, पण एकदा तो विकलात असं कानावर आलं तर शिमग्याला पालखीपुढं उभं राहू नका. हा मान काकांच्या वडिलांचा, आजोबांचा. काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं.

आणि नेमका दसरा तोंडावर आला. दसऱ्याला शेठना एका रांगेत गाड्या उभ्या करून, माईक लावून, केबलवाल्याला बोलावून जंगी वाटप करायचं होतं. काका आले नाहीत तर फ्लेक्सचं काम दुसऱ्याला जाईल, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. शेठ गंभीर गोष्टी हसतच सांगतात. मी गावी जाऊन काकांपुढे बसलो. मला काही बोलावं लागलं नाही. काका जिला 'बाय' म्हणत त्या माझ्या बायकोनं आधीच फोन केलेला होता. त्यांनी अंगणाच्या दगडी गडग्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायचं घर त्याच्यावर चालतंय. येतो मी. पण जां तोंडातनं जाईल तां माझा जाईल."

इथं थांबलो असतो तर मी शहाणा. पण शेठना मजकूर हवा होता आणि मला लिहिण्याची खोड. मी लिहिलं: 'बा देवा म्हाराजा, एका लिटरात सर्वांहून लांब पल्ला गाठणाऱ्या, सहा एअरबॅगांनी युक्त अशा ह्या वाहनास यश दे, आणि रस्त्यापलीकडे जे फसले आहेत त्यांचे डोळे उघड.' कागदाला मी लाल किनारसुद्धा छापली होती.

दसऱ्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूच झेंडू. आमच्याकडे लाल गाड्यांची रांग, समोर निळ्यांची, आणि मधे त्यांचा कर्णा केकाटत होता. काकांच्या गावची चारपाच माणसं गर्दीत मागे उभी होती, ती झेंडू बघायला आलेली नव्हती. मी काकांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो हातभर लांब धरून सबंध वाचला. एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली, माईक माझ्या हातात दिला, वहाणा काढल्या आणि गाड्यांकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. समोरचा कर्णा चालू होता. काका काहीच बोलेनात, नुसते नारळ धरून उभे. शेठ कुजबुजले, सुरू करा. काका ढिम्म. गाडी बंद पडल्यावर प्रवासी उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहतात तशी सगळी माणसं गप्प झाली. शेवटी पलीकडच्या कोणाला तरी लाज वाटली असावी. कर्णा बंद झाला.

"बा माझ्या गावच्या देवा, वाटंच्या धन्या," काकांचा खर्ज माईकशिवाय रस्ता ओलांडून गेला, "आज ह्या रस्त्याच्या दोनी अंगाला तुझी लेकरं नवी गाडी घेऊन उभी हायत. गाडी तांबडी असू दे नायतर निळी, त्यांचा पाय हलका ठेव."

"व्हय म्हाराजा." हे फक्त आमच्या बाजूचे.

"कोण घाईनं निघाला तर त्याच्या वाटंत म्हशी आडव्या घाल, पण त्याला घरी पोचव."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी पलीकडूनही आलं. निळे शर्ट घातलेली मुलं कठड्यापर्यंत आली होती.

"दोनी दुकानांत कामाला असलेल्या पोरांची चूल पेटती ठेव. आणि वळणावळणावर जे आमच्या आधी थांबले, त्यांची नजर ह्यांच्यावर राहू दे."

ह्याला आवाज लगेच आला नाही. त्या गर्दीत ज्याच्या घरचं एखादं वळण नाही असा माणूस थोडाच होता. आला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी एकदम आला. मी डोळे पुसणार एवढ्यात काका पुढे म्हणाले, "आणि हा माझा जावय. शिकलेला हाय, मनाचा वायट न्हाय. त्याच्या हातनं कागदावर जां काय येड्यासारखा लिवला गेला असंल, तां पदरात घे, नि ह्याच्या फुडं त्याला थोडी अक्कल दे."

त्या दिवसातला सगळ्यात मोठा 'व्हय म्हाराजा' त्यावर झाला. शेठ म्हणाले, निळे म्हणाले, केबलवाला कॅमेरा धरून म्हणाला. त्यात माझ्या बायकोचा आवाज मला वेगळा ओळखू आला. काकांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, खिशातला माझा कागद पसरून त्यावर ठेवले आणि रस्ता ओलांडून आधी निळ्यांना प्रसाद दिला. लाल किनार त्या कामाला शोभून दिसत होती.

शेठनी माझं काम काढून घेतलं. शिमग्याच्या सुमारास ते परत आलं, कारण दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून त्यांना माझी आठवण येत होती म्हणे. त्याच शिमग्याला गावात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली तेव्हा बैठकीत बोललेला तो वडीलधारा स्वतः दोन पावलं मागे सरला आणि त्यानं काकांना हातानं पुढची जागा दाखवली. काका शोरूमला पुन्हा गेले नाहीत. लोकच नव्या गाड्या घेऊन त्यांच्या अंगणात येऊ लागले. काजूच्या झाडाखाली कधी लाल उभी असे, कधी निळी, आणि एखाद्या रविवारी दोन्ही शेजारी शेजारी.

परवा मीही गाडी घेतली. रंग सांगत नाही, धंद्याचा प्रश्न आहे. काका आता फारसे उठत नाहीत. खर्ज पार खाली गेलाय, इतका की 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं हे कळायला आम्हा दोघांना त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला. गाऱ्हाणं संपल्यावर त्यांनी गाडीकडे बोट केलं. पहिल्या वळणापर्यंत. आम्ही त्यांना धरून पुढे बसवलं. वहाणा त्यांनी मागून घेतल्या आणि मांडीवर ठेवल्या. बायकोनं मागच्या सीटवरून काचेवर डबल दिली आणि मी निघालो.

वळण आलं. सुताराच्या थोरल्याचं. काकांची दोन बोटं हळूच वर झाली. ते पाहून आयुष्यात पहिल्यांदा मीही त्या पोराला हात केला. दोन्ही हातांनी केला. गाडी सावकाश डावीकडे गेली आणि गडग्याला टेकून उभी राहिली.

मग काकांनी मांडीवरच्या वहाणा नीट केल्या.

"जावय," ते म्हणाले, "किल्ली बायकडं द्या. तुमी मागं बसा नि डबल मारा. तेवढा जमंल तुमाला."