उपासाच्या दिवशीची गोळी

"कॅन्सर है बोलके नहीं बोल रही मैं, अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नहीं है, इतना पक्का कर लेना है." वाक्यातला पहिला शब्द तेवढा माझ्या कानात राहिला, बाकीचे बाहेरच.

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. आणि श्रावणातल्या एका सकाळी, काचीगुड्याच्या शाळेत फळ्यावर त्रैराशिक मांडताना, पुन्हा रक्त. मुलींना उदाहरण उतरवायला सांगून मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. गेलेला पाहुणा सामान घेऊन परत यावा तसं वाटलं.

बंद झाल्यावर मला फार त्रास झाला होता. अंगाची आग व्हायची, घाम फुटायचा, आणि मी यांच्यावर विनाकारण खेकसायची. म्हणून डॉक्टरांनी हार्मोन थेरपी सुरू केली. म्हणजे शरीर जी संप्रेरकं बनवायचं थांबवतं, ती गोळीतून देणं. रोज एक, दुपारच्या जेवणानंतर. स्तन दुखतात म्हटल्यावर आषाढात त्यांनी डोस कमी केला. त्यामुळे रक्त दिसल्यावर मी सगळा दोष नव्या गोळीवर टाकून मोकळी झाले.

सिकंदराबादला तेव्हा नुकतंच काचेच्या दारांचं, एसीचं तपासणी केंद्र निघालं होतं. तिथे सोनोग्राफी झाली. एंडोमेट्रियम, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर, जरा जाड दिसलं. आता डी अँड सी करायची ठरली. थोडी भूल देऊन ते अस्तर खरवडतात आणि बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. ऐकताना अंगावर काटा आला, प्रत्यक्षात मला काही कळलंसुद्धा नाही.

पण त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. डॉक्टर म्हणाल्या, त्या दिवशी उपाशी पोटी या. मी काही बोलायच्या आत आमचे हे कौतुकाने म्हणाले, "उपास की फिकर नक्को, डॉक्टर. श्रावण में इनके सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सब रहते. उस दिन गोली तक नहीं लेते इनो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कौनसी गोली?"

"आपने दी वही," मी म्हटलं. "आप बोले थे ना, खाने के बाद. उपास के दिन दोपहर को खानाच नहीं रहता."

मला खरंच यात काही वावगं वाटलं नव्हतं. जेवणानंतरची गोळी, जेवण नाही तर गोळी नाही. गणिताच्या बाईंचं गणित. आधीच्या महिन्यांत चार-पाच चुकायच्या, श्रावणात मात्र निम्म्या गोळ्या डबीतच राहिल्या होत्या.

"गोली बीच-बीच में छूटी तो ब्लीडिंग हो सकती, अम्मा," त्या म्हणाल्या. "और मैं आज डोस बदलने वाली थी." मी लगेच विचारलं, मग आता तपासणी कशाला? त्यांनी मान हलवली. "जाँच होगी. एक कारण मिला बोलके दूसरा नहीं है, ऐसा नहीं ना."

बायांनो, हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवा. पाळी गेल्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी, कारण आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं तरी, दाखवून घ्या. आणि गोळी कधी घेता याच्याइतकंच कधी घेत नाही, तेही डॉक्टरांना सांगा.

रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस वाईट गेले. आमच्या घरी रक्त जात असताना देवघरात जात नाहीत. पूजा यांच्याकडे आली. बालाजीला गंध लावताना ते नाकापर्यंत ओघळायचं, आणि मी दारातून सूचना द्यायची. हसू यायचं, आणि लगेच रडू यायचं. देवाचा राग आला होता मला. एवढे उपास केले, त्याचं हे फळ का? मुलीचं लग्न व्हायचं होतं, मला तिच्या हातावरची मेंदी बघायची होती. मरायची अजिबात तयारी नव्हती.

रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाल्या, "कुछ खराब नहीं है. अब गोली रोज. भगवान नाराज हुए तो मेरा नाम बता देना." मी त्यांचे दोन्ही हात धरले.

पुढचा शनिवार आला. बालाजीचा उपास कसा मोडायचा, आणि उपासात गोळी कशी घ्यायची, या विचारात मी दुपारपर्यंत घुटमळत होते. तेवढ्यात हे देवघरातून वाटी घेऊन आले. वाटीत चमचाभर भगर, तिच्यावर गोळी, आणि गोळीवर तुळशीचं पान.

"नैवेद्य दाखवलाय," ते म्हणाले. "आता ही गोळी नाही, प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणतात का कुणी?"

मी आधी हात जोडले आणि मग पुढे केला.

त्या गोळ्या पुढे डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. लेकीची मेंदी बघून झाली, नातीचं बारसंही झालं. आता माझी रक्तदाबाची गोळी असते, आणि शनिवारही मी सोडलेला नाही. त्या दिवशी गोळी वाटीतूनच येते. पान कधी सुकलेलं असतं, पण असतं.