कुमुशनं नाव घेतलं

कुमुशला मी पहिल्याच दिवशी दम भरला होता. "बाटली छातीच्या वर गेली, तर तिच्यातलं पाणी उलटं छातीत शिरेल. मग मला बोलावू नकोस, दफनाला मोल्लालाच बोलाव."

गावची नर्स म्हणून तीस वर्षं सुया टोचल्या मी, पण गोड बोलायला काही शिकले नाही. ती पांढरीफटक पडली, तेव्हा मात्र माझं मलाच वाईट वाटलं.

तिचे सासरे मोलदोबाय. त्यांच्या छातीत पाणी झालेलं. नारीन शहरातल्या इस्पितळानं बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं आणि त्यांना घरी धाडलं. आमच्याकडे सगळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात, मग बाटली छातीखाली ठेवायची कुठे? कुमुशनं लग्नात आणलेल्या सगळ्या गाद्या काढल्या, एकावर एक बारा रचल्या आणि म्हाताऱ्याला वर निजवलं. नवरा रशियात कामाला, त्यामुळे जे काही करायचं ते हिनंच.

"एजे, नळीतलं पाणी हलेनासं झालं तर? नळी बंद करायचा चिमटा सापडला नाही तर?" मला एजे, म्हणजे ताई, म्हणत दिवसातून दहादा विचारायची, आणि तेही इतकं हळू की शेजारी बसूनही कान द्यावा लागायचा.

एकोणीस वर्षांत सासरच्या थोरल्यांचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. आमच्यात सून ते घेत नाही. सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं नाव तुर्दुबेक. गावच्या दुकानदाराचंही तेच, म्हणून त्यालासुद्धा ही 'तागडीवाले' म्हणायची.

गुरुवारी हे तुर्दुबेक भावाला बघायला आले. वय ऐंशी, आवाज खणखणीत. कुमुश चहा ओतत होती, मी दाराशी हात धूत होते.

"अगं सुने, हे काय? माणसाच्या अंगातलं पाणी असं पायदळी? कुणीतरी ओलांडून जाईल ना!"

आदरानंच केलं हो त्यांनी. दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि उंच लाकडी पेटीवर ठेवायला निघाले.

"तुर्दुबेक! खाली ठेव!"

कुणाचा हा आवाज म्हणून मी वळले, तर कुमुशचाच. किटली लवंडलेली आणि हिनं नळी दुमडून मुठीत गच्च धरलेली. पाणी छातीपासून वीतभरावर थांबलं होतं. मोलदोबायचे डोळे विस्फारले होते.

तुर्दुबेकनी बाटली जमिनीवर टेकवली. मी कुमुशला मूठ सोडायला सांगितलं, तर तिची बोटंच उघडेनात. एकेक करून मी ती सोडवली. पाणी सरसर खाली गेलं आणि मोलदोबायच्या श्वासाबरोबर पुन्हा हलू लागलं.

आपण काय बोललो, ते कुमुशला तेव्हा कळलं. ती कमरेत वाकली. "माफ करा, बाबा. तोंडातून गेलं."

तुर्दुबेकनी खाली बसून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"आई जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "तेव्हापासून मला नुसत्या नावानं कुणी ओरडलं नव्हतं. जा पोरी, दुसरा चहा टाक. मी बसतो बाटलीपाशी."