पोरं गेली, म्हणतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, गुडघे गेलेत, आणि खरं सांगू का — आता लपवण्याचाही कंटाळा आलाय.

मी कोर्टात कारकून होतो. गाव नरडाण्याजवळचं, म्हणून अहिराणी घरचीच. सुकलाल नावाच्या आरोपीला तपासायला डॉक्टर आले, तेव्हा दुभाष्या म्हणून मलाच बसवलं. डॉक्टर हैदराबादकडचे, मराठी कामापुरती. याला खटला कळतो का, डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

सुकलालने भावाची दोन पोरं मारली होती. कुऱ्हाडीने. फाइलच्या पानांना नंबर मीच घातले होते — फोटो पाहिले होते. नसते पाहिले तर? कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, विचारा, पोरांचं काय झालं? मी अहिराणीत विचारलं. सुकलाल दाराकडे बघत पुटपुटला, "पोरं शाळामा गयात, भाऊ. येतीन आते."

मी डॉक्टरांना सांगितलं, "पोरं गेली, म्हणतो."

बस. खोटं होतं का ते? शब्द त्याचेच होते — शाळा तेवढी मी गाळली. येतील आता, हेही गाळलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, केलेल्या कृत्याची जाणीव आहे.

मला ते सोंग वाटलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण वाटलं होतं का? परत नेताना त्याने शिपायाला विचारलं, शाळा कितीला सुटते. मी ऐकलं. त्यानंतर भाषांतर बरोबर असल्याच्या कागदावर मी सही केली. तो सुटायला नको होता मला — हे खरं.

फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टातही कायम राहिली.

गेल्या वर्षी एक वकीलबाई जळगावहून माझ्या घरी आल्या. वय माझ्या मुलीएवढं. दयेच्या अर्जासाठी जुने कागद, जुनी माणसं शोधत होत्या. "काका, तो तेव्हा अजून काही बोलला होता का? आठवून बघा."

आठवायचं काय होतं? शब्द न् शब्द पाठ होता. आता राग नव्हता, समोर फोटोही नव्हते. माझी सही खोटी ठरली असती — एवढंच.

"बोलला तेच सांगितलं मी," म्हणालो.

त्यांनी वही मिटली, चहा संपवला, आभार मानले.

अर्ज अजून पडून आहे. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी लावलेला नाही.